दिवसाची वीज, रात्रीची पाळी

हिवाळ्याच्या दिवसांत आपल्या धर्मप्रांतातील ग्रामीण धर्मग्रामांत जाणाऱ्या प्रत्येक धर्मगुरूला एक अनुभव नित्याचा झालेला आहे. रविवारच्या मिस्सेला स्त्रिया आणि मुले वेळेवर येतात. घरातील कर्ता पुरुष मात्र दिसत नाही. विचारणा केली, तर उत्तर ठरलेले असते : ‘रात्रीची लाइट होती, फादर. पहाटे आले, आत्ता कुठं डोळा लागलाय.’ श्रीरामपूर, राहुरी, संगमनेर असो की निफाड, सिन्नर, दिंडोरी असो, कृषिपंपांना थ्री फेज वीज आळीपाळीने मिळते; काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली, की मध्यरात्री बॅटरी हातात घेऊन शेतकरी बांधावर जातो. चिखलात उभे राहून स्टार्टरची पेटी उघडतो, उसाच्या सरीत पाणी फिरवतो. त्याच उसात बिबट्याची मादी पिलांसह राहत असते. विंचू आणि साप तर पूर्वीपासूनचे सोबती आहेत. घरी मागे राहिलेली बायको विहिरीकडचा दिवा हलतो की नाही, हे पाहत जागी असते.

आणि ह्याच देशात सौर विजेची स्थापित क्षमता जानेवारी २०२५ मध्ये एक लाख मेगावॅटच्या पलीकडे गेली. २०१४ साली ती तीन हजार मेगावॅटही नव्हती. दशकभरात एवढी झेप क्वचितच एखाद्या देशाने घेतली असेल. सूर्य दिवसा तळपतो, त्याची वीज दिवसाच तयार होते. मग ह्या विजेचा सर्वांत साधा उपयोग, म्हणजे शेतकऱ्याला दिवसा पाणी देता येणे, अद्याप सर्वत्र का झालेला नाही? वरवर भाबडा वाटणारा हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो. सौर विजेच्या विस्तारापुढे आज जी आव्हाने उभी आहेत, ती बहुतेक सगळी ह्या एका प्रश्नाच्या पोटात सामावलेली आहेत.

प्रथम रात्रीच्या पाळीचे मूळ पाहू. कोळशावर चालणारे केंद्र दिव्यासारखे लावता-विझवता येत नाही. बॉयलर थंड पडला, तर तो पुन्हा तापवण्यास कित्येक तास लागतात, खर्च होतो आणि यंत्रसामग्रीचे आयुष्य घटते. म्हणून असे केंद्र रात्रीही धगधगत ठेवावे लागते. परंतु मध्यरात्रीनंतर शहर झोपते, कार्यालये बंद असतात, अनेक कारखान्यांची यंत्रे थांबतात. तेव्हा उरलेली वीज द्यायची कोणाला? शेतकऱ्याला. आमच्या मते रात्रीच्या पाळीचा अर्थ एवढाच होता, की विजेच्या मागणीत रात्री जो खड्डा पडे, तो शेतकऱ्याच्या झोपेने भरून काढला जाई. दिवसा सर्वांना पुरेल एवढी वीज नव्हती हे खरे. पण ती टंचाई कोणाच्या वाट्याला टाकायची, हा निर्णय माणसांनीच घेतलेला होता.

आता चित्र उलटले आहे. सौर विजेमुळे विपुलता मध्यरात्रीची न राहता भर दुपारची झाली आहे, आणि टंचाई सायंकाळी येऊ लागली आहे. सायंकाळी चारनंतर सौर केंद्रांचे उत्पादन झपाट्याने उतरू लागते आणि सातच्या सुमारास ते शून्यावर येते. नेमक्या त्याच तीन तासांत घरोघरी दिवे, पंखे, दूरचित्रवाणी संच आणि स्वयंपाकघरातील उपकरणे सुरू होतात. एकीकडे हजारो मेगावॅट खाली चालले आहेत आणि दुसरीकडे मागणी वर चढत आहे, अशा वेळी मधली दरी भरून काढण्यासाठी इतर केंद्रांना धावाधाव करावी लागते. सौर विजेचा खरा पेच सूर्याच्या तेजाशी संबंधित नाही, तो घड्याळाशी संबंधित आहे.

क्षमता आणि प्रत्यक्ष वीज ह्यांतील अंतरही वाचकांनी ध्यानात घ्यावे. २०२४ च्या अखेरीस देशाच्या एकूण स्थापित क्षमतेत सौर विजेचा वाटा सुमारे एक-पंचमांश होता. परंतु त्या वर्षी प्रत्यक्ष निर्माण झालेल्या विजेत तो सात टक्क्यांच्या आसपासच होता. कोळशाचा वाटा सत्तर टक्क्यांहून अधिक राहिला. वृत्तपत्रांत मेगावॅटचे मोठे आकडे वाचून कोळशाचे युग संपले असे मानणाऱ्यांनी नाशिक रोडजवळच्या एकलहरे येथील चिमण्यांकडे एकदा दृष्टी टाकावी.

हा सर्व व्यवहार ज्या तारांच्या जाळ्यातून चालतो, त्या राष्ट्रीय ग्रिडचा इतिहास आपल्या महाराष्ट्राशी निगडित आहे. पूर्वी देशात पाच प्रादेशिक ग्रिड होती. ती टप्प्याटप्प्याने जोडली गेली, आणि ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर ह्या ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीने दक्षिणेचे ग्रिड उर्वरित देशाशी जोडले गेले. तेव्हापासून काश्मीर ते कन्याकुमारी सर्व वीज एकाच तालावर चालते. तो ताल सेकंदाला ५० आवर्तनांचा आहे, आणि तो ४९.९० ते ५०.०५ ह्या अरुंद पट्ट्यात ठेवण्याचा दंडक आहे. मागणी वाढली आणि निर्मिती कमी पडली की ताल मंदावतो. उलट झाले की चढतो. विजेचा साठा तारांत राहत नाही. जेवढी लागते, तेवढीच त्या क्षणी निर्माण व्हावी लागते.

हा तोल ढळला म्हणजे काय होते, ते आपण पाहिले आहे. ३० जुलै २०१२ रोजी उत्तरेचे ग्रिड कोसळले; दुसऱ्याच दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तीन ग्रिड एकदम बंद पडली आणि सुमारे साठ कोटी लोकसंख्येचा प्रदेश अंधारात गेला. आपले पश्चिमेचे ग्रिड त्या वेळी तगले. दुसरा प्रसंग वाचकांना अधिक आठवत असेल. ५ एप्रिल २०२०, झावळ्यांचा रविवार. टाळेबंदीमुळे चर्चची दारे बंद होती. त्या रात्री नऊ वाजता पंतप्रधानांच्या आवाहनानुसार देशभर नऊ मिनिटे दिवे मालवण्यात आले, आणि आपल्यापैकी अनेकांनी दारात मेणबत्त्या लावल्या. त्या काही मिनिटांत देशाची मागणी सुमारे ३१,००० मेगावॅटने घसरली. ग्रिड कोसळले नाही, कारण भार नियंत्रण केंद्रांतील अभियंत्यांनी आधीच आखणी करून जलविद्युत केंद्रांचे उत्पादन क्षणाक्षणाला खाली आणले आणि पुन्हा वर नेले. तो प्रसंग अगोदर ठाऊक होता आणि एकदाच घडला. सौर वीज वाढेल तसा ह्याच जातीचा चढउतार, थोड्या संथ गतीने का होईना, रोज सकाळ-सायंकाळ करावा लागणार आहे. आणि एखादा ढग साऱ्या तालुक्यावर कधी येईल, ह्याची पूर्वसूचना आवाहनाने मिळत नाही.

येथे आणखी एक तांत्रिक बाब आहे, ती सोप्या दृष्टान्ताने सांगतो. आपल्या आजीच्या जात्याला एकदा गती आली, की खुंट्यावरचा हात क्षणभर सुटला तरी ते एक-दोन फेरे तसेच घेई. औष्णिक आणि जलविद्युत केंद्रांतील शेकडो टनांची फिरती यंत्रे अशीच असतात. कोठे बिघाड झाला तर त्यांच्या गतीतील जोर काही सेकंद ग्रिडला सावरून धरतो, आणि तेवढ्यात इतर केंद्रे धावून येतात. सौर पॅनेलमध्ये फिरणारे काहीच नाही. त्याची वीज इन्व्हर्टर ह्या उपकरणातून येते, आणि आजवरचे बहुतेक इन्व्हर्टर ग्रिडचा ताल पाहून त्याप्रमाणे चालतात. ते स्वतः ताल धरीत नाहीत. म्हणूनच घराच्या छतावर पॅनेल असूनही वस्तीची वीज गेली की भर उन्हात आपल्याही घरातील वीज जाते. अनेकांना हा अनुभव आल्यावर धक्का बसतो, आणि ते विक्रेत्याला दोष देतात. वस्तुतः ती सुरक्षेची तरतूद आहे. तारेवर काम करणाऱ्या वायरमनचा जीव तीमुळे वाचतो.

युरोपातही ह्याचा धडा मिळाला. २८ एप्रिल २०२५ रोजी, पोप फ्रान्सिस ह्यांच्या अंत्यविधीनंतर दोनच दिवसांनी, भर दुपारी स्पेन आणि पोर्तुगाल ह्या दोन्ही देशांतील वीज एकाएकी गेली. त्या वेळी तेथे सौर विजेचे प्रमाण फार मोठे होते, त्यामुळे ‘सूर्याने घात केला’ असा गलबला तत्काळ झाला. तज्ज्ञांच्या चौकशीत मात्र असे दिसून आले, की विद्युत दाब प्रमाणाबाहेर चढत गेला, तो आवरण्याची व्यवस्था अपुरी पडली आणि एकामागून एक केंद्रे सुटत गेली. दोष सूर्याचा नव्हता, आणि सौर वीज सोडून द्यावी असाही निष्कर्ष त्यातून निघत नाही. नवे पाहुणे घरात आले, तर घराची रचना बदलावी लागते. ती न बदलता केवळ पाहुणे वाढवीत गेलो, तर जे होते ते तेथे झाले.

आपल्याकडील रचना बदलत आहे, पण पॅनेलच्या गतीने नव्हे. सौर केंद्र वर्ष-दीड वर्षात उभे राहते; मोठी पारेषण वाहिनी उभारण्यास त्याहून कितीतरी अधिक काळ लागतो, कारण ती शेकडो गावांच्या शिवारातून जाते आणि प्रत्येक मनोऱ्याच्या पायाखाली कोणाची तरी जमीन असते. राजस्थानात २०२५ मध्ये हेच घडले : पॅनेल तयार, ऊन तयार, पण वीज वाहून नेण्यास वाहिनी नाही, म्हणून दुपारची वीज अक्षरशः टाकून द्यावी लागली. दुसरीकडे, कोळशाच्या केंद्रांना दुपारी मंद होण्यास सांगण्यात येत आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या नियमांनुसार अशा संचांनी ५५ टक्के भारापर्यंत, आणि पुढे टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांपर्यंत उतरण्याची क्षमता मिळवावयाची आहे. एकलहरे येथील २१० मेगावॅटचे संच चार दशकांहून जुने आहेत. आयुष्यभर एका लयीत चाललेल्या वृद्धाला रोज दुपारी जिना उतरून सायंकाळी धावत चढण्यास सांगावे, तसा हा प्रकार आहे. त्याचा खर्च विजेच्या बिलात येणार, हे उघड आहे.

मग दुपारची वीज सायंकाळपर्यंत राखून ठेवता येणार नाही काय? येते, आणि ह्याचे एक जुने, उत्तम उदाहरण आपल्या धर्मप्रांताच्या सीमेवर आहे. अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या पलीकडे घाटघर येथे २००८ साली २५० मेगावॅटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प सुरू झाला. सह्याद्रीच्या माथ्यावर एक जलाशय, कड्याखाली शहापूरच्या बाजूला दुसरा. दोहोंच्या उंचीत चारशे मीटरांहून अधिक अंतर. वीज जास्त असेल तेव्हा खालचे पाणी पंपाने वर चढवायचे, आणि टंचाईच्या वेळी तेच पाणी खाली सोडून वीज काढायची. असे करताना चार युनिटे खर्ची पडली, तर साधारण तीन परत मिळतात. हा प्रकल्प आखला गेला तेव्हा विपुलता मध्यरात्रीची होती, म्हणून पाणी रात्री चढवायचे होते. आता ते दुपारी चढवणे शहाणपणाचे ठरेल. घाटघर एकच आहे, आणि महाराष्ट्राची कमाल मागणी ३०,००० मेगावॅटच्या घरात गेली आहे. राज्य शासनाने अलीकडच्या वर्षांत अशा अनेक प्रकल्पांसाठी करार केले आहेत. पण त्यांच्या जागा सह्याद्रीच्या जंगलात आणि बहुधा आदिवासींच्या गावांजवळ आहेत. रासायनिक बॅटऱ्यांच्या किमती उतरत आहेत हे शुभवर्तमान. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२५ मध्ये असा सल्ला दिला, की नव्या सौर निविदांत क्षमतेच्या निदान दहा टक्के एवढी, दोन तास पुरणारी साठवण जोडावी. आरंभ म्हणून ते ठीक आहे. सायंकाळ मात्र दोन तासांत संपत नाही.

ह्या सर्व खटाटोपात आपल्या शेतशिवारातील एक साठवण दुर्लक्षित राहिली आहे. विहिरीतून उपसलेले पाणी शेततळ्यात किंवा जमिनीत दुपारी गेले काय किंवा रात्री गेले काय, पिकाला फरक पडत नाही. दिवा सायंकाळीच लावावा लागतो. पंप मात्र केव्हाही चालवता येतो. म्हणजे शेतीची मागणी ही अशी एकमेव मोठी मागणी आहे, जी एका आदेशाने मध्यरात्रीवरून भर दुपारवर आणता येते, आणि त्यासाठी ना धरण बांधावे लागते, ना परदेशातून लिथियम आणावे लागते. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदाराचे प्लॅस्टिकचे अस्तर असलेले शेततळे ही आपल्या परीने बॅटरीच आहे. आणखी एक योगायोग : पावसाळ्यात आकाश झाकोळून सौर वीज घटते, तेव्हा पंपही बहुधा बंद असतात, आणि साक्रीच्या पठारावर, ब्राह्मणवेल परिसरात, पवनचक्क्या त्याच दिवसांत सर्वाधिक फिरतात.

राज्य शासनाच्या ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजने’चे मर्म हेच आहे, आणि ते मनःपूर्वक स्वागतार्ह आहे. २०१७ साली ती जाहीर झाली. तिच्या आरंभीच्या प्रकल्पांसाठी अहिल्यानगर जिल्ह्यातील राळेगणसिद्धीची निवड झाली. प्रगती मंद राहिली, म्हणून २०२३ मध्ये ‘२.०’ ह्या नावाने तिचे पुनरुज्जीवन करण्यात आले. गावाजवळच्या वीज उपकेंद्रापासून थोड्या किलोमीटरच्या परिसरात लहान सौर केंद्र उभारावयाचे आणि त्या उपकेंद्रावरील शेतीच्या वाहिन्यांना दिवसा वीज द्यावयाची, अशी ही कल्पना आहे. वीज जेथे निर्माण होते तेथेच खर्ची पडते, म्हणून दूरच्या पारेषण वाहिनीवर ताण येत नाही. निविदांत ही वीज युनिटला सुमारे तीन रुपयांनी मिळाली; दूरच्या औष्णिक केंद्रातून कृषिपंपापर्यंत पोहोचणाऱ्या विजेचा खर्च ह्याहून पुष्कळ अधिक आहे. मार्च २०२४ मध्ये ९,००० मेगावॅटची कामे देण्यात आली आणि उद्दिष्ट पुढे १६,००० मेगावॅटपर्यंत वाढवण्यात आले. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी पहिल्या पाच प्रकल्पांचे लोकार्पण केले, तेव्हा त्यांची एकत्रित क्षमता १९ मेगावॅट होती. उद्दिष्ट आणि लोकार्पण ह्यांतील हे अंतर आम्ही उपहासाने सांगत नाही. आरंभ लहानच असतो. पण ज्याची पाळी आज रात्री आहे, त्याला हे अंतर जाणवते.

दिवसा वीज मिळाली म्हणजे प्रश्न सुटला, असे मात्र नाही. एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांसाठी साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज विनामूल्य करण्यात आली आहे. सुमारे ४४ लाख शेतकऱ्यांना तिचा लाभ आहे. स्वतंत्र सौर पंपही मागेल त्याला मिळत आहेत, त्यांत शेतकऱ्याचा वाटा दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी पाच टक्के. पूर्वी रात्रीची गैरसोय हीच उपशावरची नकळत लागलेली मर्यादा होती. कंटाळलेला शेतकरी दोन तासांनी पंप बंद करून घरी जाई. फुकट वीज आणि दिवसाची सोय एकत्र आली, की ती मर्यादा नाहीशी होते. सिन्नर, येवला, नांदगाव, चांदवड ह्या अवर्षणप्रवण तालुक्यांत ह्याचा अर्थ काय होऊ शकतो, हे सांगावयास नको. ज्याची कूपनलिका खोल, त्याची बाग हिरवी. शेजाऱ्याची विहीर मार्चमध्येच कोरडी.

ह्यावर उपाय आपल्याच प्रदेशाने दाखवलेले आहेत. येशूसंघीय फादर हर्मन बाखर ह्यांनी अहमदनगर जिल्ह्यात पाणलोट विकासाचे जे काम उभे केले आणि १९९३ साली ज्यासाठी संस्था स्थापन केली, त्याचे मूलसूत्र असे होते, की पाणी गावाचे आहे आणि त्याचा हिशेब गावाने ठेवावा. हिवरे बाजारने तर दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून त्यानुसार पिके ठरवली आणि सिंचनासाठी कूपनलिका घेण्यास बंदी केली. प्रत्येक सौर वाहिनीबरोबर तेथील गावांनी असा ताळेबंद मांडावा, अशी अट शासनाने घालणे मुळीच अशक्य नाही. विजेच्या हिशेबासाठी मीटर बसवणाऱ्यांना पाण्याचा हिशेब अवघड का वाटावा?

आता सर्वांत नाजूक विषयाकडे येतो. एका मेगावॅटला साधारण चार ते पाच एकर जमीन लागते. १६,००० मेगावॅट म्हणजे ६४ ते ८० हजार एकर. सूर्यप्रकाश फुकट आहे, पण तो ज्या जमिनीवर पडतो, ती कोणाची तरी असते. आपला धर्मप्रांत ह्याचा जुना साक्षीदार आहे. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील शिवाजीनगर येथे महानिर्मितीचे १२५ मेगावॅटचे सौर केंद्र २०१३ साली सुरू झाले, तेव्हा ते देशातील मोठ्या केंद्रांपैकी एक होते आणि खानदेशाला त्याचा अभिमान वाटला. त्याच जिल्ह्यातील विखरणचे वयोवृद्ध शेतकरी धर्मा पाटील ह्यांची जमीन वीजप्रकल्पासाठी संपादित झाली. शेजारच्या जमिनींच्या तुलनेत आपल्याला फारच थोडा मोबदला मिळाला, ही त्यांची तक्रार होती. कार्यालयांचे उंबरठे झिजवून ते थकले, आणि २२ जानेवारी २०१८ रोजी त्यांनी मंत्रालयात विष घेतले. २८ जानेवारीस त्यांचे निधन झाले. त्यानंतर मोबदल्याची फेरतपासणी झाली. ती आधी का होऊ शकली नाही, ह्याचे समाधानकारक उत्तर आम्हांस आजवर मिळालेले नाही.

कृषी वाहिनी योजनेत जमीन सक्तीने घेतली जात नाही, ही तिची जमेची बाजू आहे. खासगी जमीन भाड्याने घेतली जाते. हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी तीन टक्के वाढ. मुरमाड जमिनीच्या मालकाला हा सौदा लाभाचा आहे. परंतु मोठा भर शासकीय जमिनीवर, म्हणजेच बहुशः गायरानावर आहे. कागदावर गायरान मोकळे दिसते. प्रत्यक्षात तेथे मेंढपाळांची मेंढरे चरतात, भूमिहीनांच्या शेळ्या चरतात, आणि कित्येक ठिकाणी दलित व आदिवासी कुटुंबे दोन-तीन पिढ्यांपासून तो तुकडा कसत आली आहेत. हा इतिहास नाशिककरांना परका नाही. दिंडोरी तालुक्याचे सुपुत्र कर्मवीर दादासाहेब गायकवाड ह्यांनी १९५९ साली आणि पुन्हा १९६४ साली भूमिहीनांचे जे सत्याग्रह केले, ते अशाच पडीक व शासकीय जमिनींसाठी होते. आपल्या धर्मप्रांतातील, विशेषतः गोदावरी आणि प्रवरा खोऱ्यातील, पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबे ह्याच भूमिहीन समाजातून आलेली आहेत. त्यांच्याकडे सातबारा नाही, म्हणून भाडे नाही. त्यांच्याकडे पंप नाही, म्हणून दिवसाच्या विजेचाही लाभ नाही. प्रकल्प झाल्यास ग्रामपंचायतीला तीन वर्षे प्रतिवर्षी पाच लाख रुपये मिळतात. त्यांतून शेळीला चारा मिळत नाही.

सौर विजेला ह्या कारणाने विरोध करावा, असे आमचे म्हणणे नाही. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकात पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकण्याचे आवाहन केले, आणि कोळसा व तेल ह्यांची जागा विलंब न लावता इतर ऊर्जास्रोतांनी घ्यावी, असेही सांगितले. जून २०२४ मध्ये ‘फ्रातेल्लो सोले’ म्हणजे ‘बंधू सूर्य’ ह्या आदेशपत्राने त्यांनी रोमजवळच्या सांता मारिया दी गालेरिया येथील जमिनीवर व्हॅटिकनसाठी सौर केंद्र उभारण्याचे ठरवले. ते केंद्र शेती आणि पॅनेल एकाच जमिनीवर राहतील अशा पद्धतीचे असावे, हे विशेष. जून २०२५ मध्ये पोप लिओ चौदावे ह्यांनी त्या जागेला भेट दिली. पॅनेल उंचावर, रांगांत अंतर, खाली भाजीपाला किंवा चारा : ही पद्धत खर्चिक आहे खरी, पण गायरानावर निदान शेळ्या-मेंढ्यांना आत येऊ देण्याइतकी उंची राखणे आणि कुंपणाला फाटक ठेवणे ह्याला फार मोठा खर्च येत नाही.

आपल्या संस्थांच्या छतांविषयीही थोडे सांगणे आवश्यक आहे. अनेक शाळा, वसतिगृहे व इस्पितळे ह्यांनी पॅनेल बसवली आहेत आणि बिल शून्यावर आल्याचे अभिमानाने सांगितले जाते. शाळा दिवसा चालते, म्हणून तिच्या छतावर पॅनेल शोभते. वसतिगृहाची वीज मात्र सायंकाळी खर्च होते. दुपारी ग्रिडला दिलेली स्वस्त वीज आपण सायंकाळी महागाईच्या वेळी परत घेतो आणि हिशेब बरोबर झाला असे मानतो. बिल शून्य झाले, तरी ग्रिडवरचा भार शून्य होत नाही. तो ज्यांच्या घरावर पक्के छतच नाही, त्यांच्या दरात हळूहळू उतरतो. जून २०२३ च्या केंद्रीय नियमांनी दुपारच्या सौर तासांत वीज निदान वीस टक्के स्वस्त आणि सायंकाळी महाग ठेवण्याचे तत्त्व घालून दिले आहे. स्मार्ट मीटरवरून जो वाद चालू आहे, त्यात ग्राहकांच्या शंका रास्त आहेत. पण हे तत्त्व स्वतः चुकीचे नाही. वसतिगृहाचे पाणी भरणे, कपडे धुण्याचे यंत्र, पिठाची गिरणी, इस्त्री ही कामे दुपारी उरकली, तर एकही पैसा न खर्चता आपण सायंकाळचा ताण हलका करू शकतो. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या भगिनींनी हे वेळापत्रक कोणत्याही अभियंत्याहून लवकर बसवले असते, त्यांना कोणी विचारले असते तर.

आणखी एक सूचना वीज वितरण कंपनीस. आपल्याकडे मळ्यात आणि वस्तीवर राहणारी हजारो कुटुंबे शेतीच्याच वाहिनीवर आहेत. पंपांना दिवसा वीज दिली, की रात्री ती वाहिनी बंद ठेवण्याचा मोह होईल. घरातील दिव्यापुरती सिंगल फेज रात्रभर चालू राहील, ह्याची लेखी हमी मिळाली पाहिजे. बिबट्याच्या मुलुखात अंगणातला दिवा ही चैन नाही.

सध्या अनेक गावांत सौर प्रकल्पांसाठी जागांची पाहणी सुरू आहे. जेथे गायरानावर खुणा रोवल्या गेल्या आहेत, तेथील धर्मगुरूंनी व धर्मग्राम समित्यांनी प्रस्ताव कोणत्या गट क्रमांकाचा आहे हे तलाठ्याकडून समजून घ्यावे, त्या जमिनीवर कोण कसतो, कोणाची जनावरे चरतात आणि कोणाचा रस्ता जातो ह्याची यादी घरोघर फिरून करावी, आणि ग्रामसभेत ठराव मांडला जाण्यापूर्वी ती लेखी सादर करावी. ग्रामसभा दुपारी असली, तर रात्रीच्या पाळीहून परतलेल्या माणसांना झोपेतून उठवावे लागेल. ते उठवण्याचे कामही आपलेच.